वरची पट्टी

परवा देवी झोपायला गेली.

तुळजापुरात राहणाऱ्याला यात नवल काही नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. नवरात्राच्या आधी काही दिवस आमची देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निजते. पुढं मोठी लढाई असते, त्याआधीची ही झोप. आणि देवी पलंगावर निजली की आमच्या घरात माणसांनी खाली निजायचं, ही सासूबाईंनी घातलेली चाल. गाद्या गुंडाळून माळ्यावर जातात, खाली सतरंज्या पडतात. आता या वयात सतरंजीवर टाकलेलं अंग सकाळी गोळा करायला दुसरं माणूस लागतं, ते सोडा. चाल मोडवत नाही.

फरशीवर निजलं की कान जमिनीजवळ येतो. कोपऱ्यावरच्या गिरणीचा पट्टा, लांब स्टँडवर चालू ठेवलेलं एसटीचं इंजिन, खालच्या खोलीत उतरलेल्या यात्रेकरूंनी सरकवलेली बादली, हे सगळं फरशीतून वर येतं. जाड, बुटके आवाज. ते मला अजून येतात. त्यांच्या वरचे येत नाहीत. भाद्रपद संपत आलाय, मागच्या मोकळ्या जागेत गवत कमरेएवढं झालंय, म्हणजे दिवेलागणीला त्यात काय गलका चालत असेल ते मला माहीत आहे. माहीत आहे, एवढंच.

हे दिवस आले की तो हंगाम आठवतो. त्या हंगामात मी आवाज चिरायला शिकले. गाणं शिकले असं म्हणत नाही, कारण ते गाणं नव्हतं. वाजवायलाही शिकले नाही. आवाज पकडून आणायचा, कापायचा, लांबवायचा, थरावर थर द्यायचे आणि त्यातून काहीतरी उभं करायचं, असं ते शिक्षण. त्यालाही संगीतच म्हणतात, हे पटायला माझा निम्मा हंगाम गेला.

त्या वर्षी ऊन असं पडलंच नाही. परतीचा पाऊस ठाण मांडून बसला होता. तामलवाडीला माझ्या माहेरच्या रानात कापून टाकलेल्या सोयाबीनला ढिगातच मोड आले. भाऊ भेटायला यायचा तेव्हा त्याच्या सदऱ्याला तो आंबूस वास असायचा. घरात कपडे वाळत नव्हते, पापडाच्या डब्याला बुरशी, भिंतीला हात लावला की ओला. यात्रेकरूंसाठी ठेवलेल्या आमच्या दोन्ही खोल्या रिकाम्या. हे, म्हणजे आमचे मालक, तहसिलातून निवृत्त झाल्यापासून दिवसभर दारातल्या खुर्चीत बसून आभाळाला नावं ठेवायचे. अशात एक दिवस वाचनालयाच्या दाराला कागद चिकटवलेला दिसला. संगणकावर संगीतरचना शिका, वाद्य येण्याची गरज नाही.

घरी येऊन सांगितलं तर हे म्हणाले, "वाद्य येत न्हाय, संगणक येत न्हाय. तुझ्यासाठीच काढलाय क्लास."

"जाऊ का मग?"

"जा की. घरात तरी दोघं मिळून पावसाकडंच बघतो."

शिकवायला होती शाहीन. धाराशिवच्या गादीवाल्याची मुलगी. पिंजाऱ्याचं घर, आजोबा दारोदार फिरून कापूस पिंजायचे, वडिलांनी दुकान टाकलं. ती पुण्याला जाऊन आवाजाचं शिक्षण घेऊन आली होती आणि तिथंच राहिली असती. पण वडिलांची छाती कापसाच्या धुळीनं धरली, म्हणून परत आली. दिवसा दुकान बघायची, आठवड्यातून दोन दिवस एसटीनं आमच्याकडं यायची. बारीक अंगाची, आवाज त्याहून बारीक. तिचं बोलणं मला नीट पोचायचं नाही. मला वाटायचं पोरगी लाजाळू आहे.

पहिल्या दिवशी आम्ही चौघं होतो. मोबाईलच्या दुकानातला एकजण, बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे एक काका, शेजारची सुमन आणि मी. शाहीननं तिनं स्वतः केलेलं काहीतरी ऐकवलं. त्यात सा नव्हता, ठेका नव्हता. कुणीतरी लांबच लांब पत्रा ओढत चाललंय आणि मधूनच विहिरीत थेंब पडतोय, असं काहीतरी. संपल्यावर क्लॅरिनेटवाले काका उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाई, हे दुरुस्त झालं की बोलवा." ते परत आले नाहीत. मोबाईलवाल्याला लग्नातली गाणी जोडायची होती, तो गेला. सुमनला शिवणाचं काम आलं. पुढच्या आठवड्यात मी आणि शाहीन, दोघीच.

मी का थांबले, ते मलाही सांगता येणार नाही. एक म्हणजे तिथं छत गळत नव्हतं.

तिनं मला आधी ऐकायला बसवलं. संगणक बंद. "मावशी, डोळे मिटा. काय ऐकू येतंय?"

"कुणीतरी भांडी घासतंय."

"भांडी नक्को. भांडी डोळ्याला दिसतात. आवाज कसाय ते सांगा."

"भांड्यासारखा."

ती हसली. "भांडं म्हणायचंच नाही. भांडं तुम्ही बघितलेलंच नाही असं समजा."

मी बराच वेळ बसले. मग म्हटलं, "खरबरीत आहे. मधनंच ओला होतो. शेवटाला घरंगळतो."

"हौ," ती म्हणाली. "आता ऐकलंत."

बघा, माझं आयुष्य आवाज ऐकण्यातच गेलं होतं, पण कामासाठी. दूध वर आलं, पोर उठलं, दाराची कडी वाजली, नळाला पाणी आलं. आवाज आला की मी उठायची. आवाजापाशी बसून राहणं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या ओल्या दुपारी वाचनालयाच्या माडीवर मी पहिल्यांदा नळाचं पाणी ऐकलं आणि उठले नाही.

संगणकावरची अक्षरं इंग्रजी. मी सातवी शिकलेली. पुढचं सगळं वाचनालयानं शिकवलं, तेही मराठीत. त्यामुळं प्रत्येक बटणाला मी माझं नाव दिलं. आवाज हळूहळू वाढवायचा ती उकळी. हळूहळू उतरवायचा ते निववणं. तोच तुकडा पुन्हा पुन्हा वाजवायचा तो फेर. आणि आवाजातलं जाड ठेवून बारीक काढायचं, किंवा बारीक ठेवून जाड काढायचं, त्या खिडकीला मी चाळणी म्हणायची. शाहीनला ते शब्द इतके आवडले की तीही मला सांगताना म्हणायची, "मावशी, इथं उकळी कमी पडली."

पडद्यावर आवाजाचं चित्र यायचं. खाली जाड आवाज, वर बारीक. रंग जितका उजळ तितका आवाज मोठा. एसटी खालच्या पट्टीत पसरलेली, माणसाचं बोलणं मधे, आणि सगळ्यांत वरची पट्टी झांजांची, कवड्यांची, पैंजणांची. मला चित्र लगेच कळलं. रांगोळी काढणाऱ्या बाईला उभं-आडवं शिकवावं लागत नाही.

एक दिवस ती आजोबांची धुनकी घेऊन आली. कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य, त्याला ताणलेली तांत. एसटीत कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं म्हणे. तिनं तांतीवर ठोका मारला, आवाज पकडला आणि पडद्यावर मला दाखवलं. हा ठोका, ही त्याच्या मागची गुणगुण. मग तिनं ठोका कापून टाकला आणि नुसती गुणगुण वाजवली.

"काय आहे हे?"

"भुंगा," मी म्हटलं. मग म्हटलं, "न्हाय, लांब कुणीतरी पेटी धरलीय."

"धुनकीच आहे मावशी. आवाजाची ओळख त्याच्या पहिल्या ठोक्यात असते. तो काढला की कोण ते कळत नाही." मग म्हणाली, "अब्बा आता असेच वाजतात. ठोका गेला, नुसती गुणगुण राहिली."

मी डब्यातला लाडू तिच्यापुढं केला. तिनं अर्धा खाल्ला, अर्धा रुमालात बांधला. बाहेर पाऊस लागलाच होता.

तर शिकल्यावर काहीतरी करावं लागतं. शाहीननं विचारलं, "तुम्हाला कुठला आवाज पाहिजे?" मी विचार न करता म्हटलं, "आईच्या कवड्या."

माझी आई आराधीण होती. देवीच्या नावानं गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, मंगळवारी-शुक्रवारी घरोघर जोगवा मागायची. बाकी दिवस रानात खुरपं. लहानपणी जोगव्याच्या संध्याकाळी मी तामलवाडीच्या घराच्या उंबऱ्यावर बसून तिची वाट बघायची. दिवा लागलेला नसायचा. आई दिसायच्या आधी ऐकू यायची. आधी लांब वळणावर, तेव्हा कवड्या कवड्यांसारख्या वाटायच्याच नाहीत, ओल्या वाळूत कुणी चालल्यासारखं वाटायचं. मग चिंचेपाशी आली की एकेक कवडी सुटी व्हायची. आणि अंगणात आली की नुसता लख्ख आवाज, अंधारात कुणी काचेचे मणी ओतावेत तसा. मग तिचा हात डोक्यावर यायचा. माझं लग्न होऊन मी तुळजापुरात आले तरी ती मंगळवारी यायचीच, शेवटचा जोगवा आमच्या दारात. हे तिला मामी म्हणायचे. खुर्चीतून उठून उभे राहायचे तिच्यासाठी, कवड्या गल्लीच्या तोंडाला वाजल्या की. ती गेल्यावर माळ माझ्याकडं आली. मी आराधीण नाही, म्हणून गळ्यात घातली नाही. देव्हाऱ्यात ठेवली.

मला एवढंच करायचं होतं. आई लांबून येते आणि दारात पोचते. बस्स. त्यात शब्द नाही, गाणं नाही.

शाहीन म्हणाली, "सोपं नाही मावशी. आवाज नुसता मोठा केला म्हणून जवळ येत नाही. लांबच्या आवाजातली वरची पट्टी वाटेतच गळून जाते. वारा, झाडं, भिंती ती खातात. आपल्यापर्यंत जाड तेवढंच पोचतं. माणूस जवळ आलं की वरची पट्टी येते. म्हणून जवळचं ते लख्ख."

म्हणजे ओली वाळू आणि काचेचे मणी. मला लहानपणीच माहीत होतं ते, पण त्याचं कारण तिनं सांगितलं. मग उपाय सरळ होता. सुरुवातीला बारीक चाळणी लावून वरची पट्टी अडवून धरायची आणि आई जसजशी जवळ येईल तसतशी चाळणी उघडत जायची.

माळ देव्हाऱ्यातून काढली. माळ्यावरच्या गाद्या उतरवून मागच्या खोलीत भिंतींना उभ्या केल्या, आवाज घुमू नये म्हणून. देवी झोपलेली, गाद्या वापरायच्या नाहीत, पण भिंतीला टेकवायला कुणी मनाई केली नव्हती. हे दारात उभे राहून म्हणाले, "भिंती निजल्या का?" मी माळ गळ्यात घातली नाही, हातातच धरली आणि आई चालायची तशी चाल धरून चालले. शाहीननं आवाज पकडला. तिचा जुना लॅपटॉप ती माझ्याकडंच ठेवून गेली.

आणि मी लागले. सकाळची भाजी-भाकरी उरकली की बसायची. नवरात्र आलं, गावात पाय ठेवायला जागा नाही, खोल्या भरल्या, ज्योत घेऊन पळणारी पोरं गल्लीतून उदो उदो करत जायची. मी कानावर शाहीननं दिलेले हेडफोन, ती मोठी यंत्रं लावून आत बसलेली. वारा घातला, मळणी यंत्राची लांबची घरघर घातली, गुरांचं परतणं घातलं. ते सगळं जमलं. कवड्या जमेनात.

आई वळणावर ठीक होती. चिंचेपाशीही ठीक. पण अंगणात आली तरी ती चिंचेपाशीच वाटायची. कवड्या मातीच्या वाटायच्या. मी चाळणी उघडली. उघडली ती पूर्ण. तरी मातीच्याच. मग शाहीननं दाखवलं होतं तसं वरची पट्टी हातानं उचलली. अजून उचलली. आणि एका दुपारी, हे बाहेर कुणाला तरी खोलीचं भाडं समजावत होते, मला कानात लख्ख आवाज आला. काचेचे मणी. आई दारात. माझ्या डोक्याची टाळू गार झाली. मी कानावरची यंत्रं काढली नाहीत, तशीच बसून रडले, आणि पुन्हा पहिल्यापासून ऐकलं.

संध्याकाळी ह्यांना ऐकवलं. कवड्या अंगणात आल्या तसे ते खुर्चीतून उठले. मला वाटलं, जुनी सवय, मामींसाठी उठले. ते म्हणाले, "पाणी तापलं का बघतो," आणि आत गेले. अंघोळीची वेळ नव्हती. सुमनला ऐकवलं तर ती तोंड वाकडं करून म्हणाली, "नलूताई, दात शिवशिवले गं माझे. पत्र्यावर सुरी घासल्यावाणी." मला राग आला. मनात म्हटलं, ही शिवणवाली, हिला काय कळतंय.

शाहीन आली. तिनं यंत्रं कानाला लावली आणि कवड्यांपाशी आली तशी झटक्यानं काढली. माझ्याकडं बघितलं. मग अगदी मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत विचारलं, "मावशी, हे तुम्हाला कसं ऐकू येतंय?"

"आईसारखं," मी म्हटलं.

तिनं दुसरा एक आवाज लावला. मागच्या मोकळ्या जागेत तिनं दिवेलागणीला पकडलेला. मला लांबची एसटी ऐकू आली, कुणाचं तरी खाकरणं. पडद्यावर मात्र वरच्या पट्टीत एक पिवळीधमक जाड रेघ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"ही रेघ कसली?" मी विचारलं.

"रातकिडे."

"कुठंयत?"

"ओरडतायत मावशी. आत्ता ओरडतायत."

मी गेली कितीतरी वर्षं सगळ्यांना सांगत होते की फवारण्यांनी किडे संपले, पूर्वीसारखी रात्र वाजत नाही. ह्यांच्याशी त्यावरून वाद घातला होता. भावाला बोलले होते, तुमच्या औषधांनी रान मुकं केलं म्हणून. रान मुकं नव्हतं.

शाहीननं मग त्या आवाजाचा वेग कमी केला. वेग उतरला की आवाज जाड होतो, खालच्या पट्टीत उतरतो, म्हणजे माझ्या हाताशी येतो. आणि मला रातकिडा ऐकू आला. पण तो रातकिडा नव्हता. लांब कुणीतरी लाकडाचा खुळखुळा अगदी सावकाश हलवतंय, असं काहीतरी होतं. मी म्हटलं, "पुरे." माझ्यापर्यंत येता येता त्याचं सगळंच बदलून गेलं होतं.

सोलापूरला डॉक्टरांकडं गेलो. त्यांनी काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी शहाणपणा करून अंदाजानं दाबत राहिले. कागदावरची रेघ बघून ते म्हणाले, वयानं होतं असं, वरचा भाग गेलाय, परत येत नाही. बाहेर आल्यावर हे म्हणाले, "मला वाटायचं, ऐकू येऊनसुद्धा तू लक्ष देत न्हाईस. ते तर लग्नापासूनच चालू होतं." मग थोड्या वेळानं, एसटीत, "उसाचा रस घ्यायचा का?" तो सबंध प्रवास त्यांनी मला काही ना काही खायला विचारलं.

कानातलं यंत्र पुढं दिवाळीनंतर आलं, ते आजही आहे. ते घातलं की वरचे आवाज येतात, पण डब्यात खडे घालून हलवल्यासारखे. फोनवर लेक बोलते तर शब्दांतला स आणि श कुणीतरी वेचून नेल्यासारखा. सुमन माझ्यासाठी उमन झालीय. पण मला जास्त लागतं ते वेगळंच. शाहीननं सांगितलेलं ते एक वाक्य. लांबच्या आवाजाची वरची पट्टी गळते. म्हणजे ज्या माणसाच्या कानाची वरची पट्टी गेली, त्याच्यासाठी सगळेच लांब. समोर बसलेलं माणूससुद्धा वळणावर उभं. चहाचा कप बशीत ठेवला तरी तो शेजारच्या घरात ठेवल्यासारखा. कुणी अंगणात येतच नाही.

वाचनालयानं ठरवलं होतं की दसरा झाल्यावर आमची रचना लोकांना ऐकवायची. दसऱ्यानंतर देवी पुन्हा निजते, लढाईचा शीण घालवायला, आणि गाव दमल्यासारखं गप्प होतं. तेव्हाचा मुहूर्त. शाहीन म्हणाली, "मावशी, दोन करू या. एक तुमच्या कानाची, ती तुमच्याकडं राहील. एक लोकांसाठी."

मी रात्रंदिवस त्याचाच विचार केला. माझी ठेवली असती तर मी तीच ऐकत बसले असते. दर मंगळवारी आई दारात. पण डॉक्टर म्हणाले होते की अजून खाली उतरेल हे. म्हणजे पुढच्या वर्षी तीच आई मला चिंचेपाशी दिसणार, त्याच्या पुढच्या वर्षी वळणावर. आणि मी पुन्हा पट्टी उचलणार, अजून उचलणार, आणि दुसऱ्या कुणी कधी ऐकलीच तर त्यांना सुऱ्या घेऊन कुणीतरी दारात आल्यासारखं वाटणार. माझी आई तशी नव्हती. तिच्या येण्यानं कधी कुणाचे दात शिवशिवले नाहीत.

"एकच करायची," मी म्हटलं. "लोकांना ती यायला पाहिजे."

मग आम्ही दोघी बसलो. यंत्रं शाहीनच्या कानाला, एक जोड माझ्याही कानाला. माऊसवर हात माझा. वरची पट्टी मी उचलून ठेवलेली ती खाली आणायची होती. शाहीन डोळे मिटून बसली.

"थोडं खाली," ती म्हणाली.

मी खाली आणलं. आई अंगणातून मागं सरकली, फाटकाशी गेली.

"अजून मावशी."

चिंचेपाशी.

"अजून. अजून थोडं. थांबू नका."

वळणावर गेली. ओली वाळू. मी हात थांबवला. शाहीननं डोळे उघडले नाहीत, नुसतं माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली असावी काहीतरी, मला ओठ हललेले दिसले. मी अजून खाली आणलं. आता मला वारा ऐकू येत होता, गुरं ऐकू येत होती, मळणी यंत्र. वाटेवर कुणीच नव्हतं.

"बस्स," शाहीन मोठ्यानं म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "बस्स मावशी. आता आल्या. आता बरोबर दारात आल्या."

मी ते तसंच ठेवलं. जुनं पुसून टाकलं.

ऐकवायच्या दिवशी वाचनालयात वीस-पंचवीस माणसं असतील. बरीचशी चहासाठी आलेली. सुमन आली होती, नवऱ्याला घेऊन. मागच्या रांगेत दोन-तीन आराधिणी बसल्या होत्या, त्यांना मीच बोलावलं होतं. क्लॅरिनेटवाले काकाही आले. मला म्हणाले, "दुरुस्त झालं म्हणे." शाहीननं खिडक्या लावून घेतल्या. हे माझ्या शेजारी बसले, इस्त्रीचा सदरा घालून.

वारा सुरू झाला. तो मला ऐकू आला. लांब मळणी यंत्र घरघरलं, तेही आलं. गुरांच्या पायांचा आवाज, कुणाची तरी हाळी. पाठ असलेली वाट होती ती. मी मनातल्या मनात चालत होते. आता वळण. वळणावर काहीतरी ओलसर सरकल्यासारखं वाटलं, किंवा मला ते तिथं आहे हे माहीत होतं म्हणून वाटलं. आता चिंच असणार. मग काही नाही. नुसता वारा. मी मांडीवर हात ठेवून बसले. वाट बघायची मला सवय होती, पण त्या वेळी निदान शेवटी हात डोक्यावर यायचा.

हे माझ्याकडं झुकले आणि कानाशी काहीतरी बोलले.

"काय?" मी म्हटलं. ऐकू न येणारी माणसं मोठ्यानंच बोलतात. सगळ्यांनी ऐकलं असणार.

ह्यांनी पुन्हा सांगितलं. मला फक्त त्यांच्या श्वासाची ऊब लागली.

"काय म्हणताय?"

तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे राहिले, भरल्या खोलीत, आणि मला पोचेल अशा आवाजात म्हणाले, "आल्या म्हटलं. मामी आल्या."

पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी मान वळवून मागं दाराकडं बघितलं. मीही बघितलं.